पाच घरांचं उष्टं

बत्तीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळांत विज्ञान शिकवलं, त्यातली निम्मी मुकुटबनच्या बाजूला. भूत, भानामती, लिंबू-मिरची या विषयांवर मी वर्गात टेबल बडवून बोलायची. पोरं घाबरायची, पण भुताला नाही, मला. आणि निवृत्तीला दोन वर्षं झाली नाहीत तोच हीच बाई हातात पेरू घेऊन, पोपटाचं उष्टं मागत पाच घरं हिंडली. हे आधीच सांगून टाकते. पुढं जे झालं ते त्या पेरूमुळं झालं, आणि ते मी बरेच दिवस लपवलं.

नात तीन वर्षांची व्हायला आली होती आणि बोलत नव्हती. ऐकू सगळं यायचं. बिस्किटाचा पुडा आतल्या खोलीत फोडला तरी अंगणातून धावत यायची. हवं ते बोटानं दाखवायची, नाही दिलं तर फरशीवर लोळायची, पण शब्द म्हणून एक निघत नव्हता. सुनेनं यवतमाळला नेऊन तिचे कान तपासून आणले. कान चांगले निघाले. तिथल्या बाईनं सांगितलं, मोबाइल दाखवू नका, पोरीशी भरपूर बोला, काही मुलं उशिरा बोलतात. सून तसंच करत होती. भाजी चिरताना तिचं चालू असायचं, "हे बघ वांगं, हा बघ देठ." मला मात्र धीर नव्हता. धीर हा माझा प्रांत कधीच नव्हता.

आमच्याकडे म्हणतात की पोपटानं चोच मारलेलं फळ खाऊ घातलं की मुकं लेकरू बोलायला लागतं. माझ्या आईनंही माझ्या भावाला दिलं होतं म्हणे. मी ते ऐकून हसायची. पण तीन वर्षांची पोर समोर बोटं दाखवत बसली की हसू कुठल्या कुठं जातं. मला वाटलं, देऊन तर पाहू, पेरूनं कोणाचं काय बिघडणार आहे.

आमच्या घरासमोर, रस्ता ओलांडला की, एक बंजारा म्हातारी एकटी राहते. गोर बोलीत आईला याडी म्हणतात, आणि पांढरकवड्यातली आमची अख्खी गल्ली तिला याडीच म्हणते. मुलानं तिला तांड्यावरून इथं आणलं, घर बांधलं, आणि मग त्याची पुण्याला बदली झाली. तो फोन करतो तो मराठीत. नातवंडं बोलतात ती निम्मी इंग्रजीत. गल्लीत आम्ही सगळे कुणबी, तेली, मुसलमान. गोर बोली कोणालाच येत नाही.

एकाला येत होती. याडीकडं एक हिरवा पोपट होता, लाल गळपट्ट्याचा. तांड्यावर कडुनिंबाखाली पडलेलं पिल्लू तिनं कापसाच्या बोंडांच्या टोपलीत वाढवलं होतं. मराठीतला एक शब्द तो शिकला नाही. दारातून कोणी गेलं की "आव, बेस", म्हणजे ये, बस, म्हणायचा. सकाळी याडी चुलीपाशी बसली की "बाटी खादो?" म्हणून विचारायचा, भाकर खाल्ली का म्हणून. ती उत्तर द्यायची, तो पुन्हा काही म्हणायचा, ती हसायची. मी आमच्या खिडकीतून ते रोज ऐकायची. एकदा तिला म्हटलं, याडी, किती बोलता त्याच्याशी. ती म्हणाली, "मंग कोनासंग बोलू? माह्या बोलीत उत्तर देनारा हा एकच हाय. हा गेला का मी मुकी झालो समज."

आणि तो जाण्याची भीती तिला कायम होती, पण ती रोगाची नव्हती. देशी पोपट पाळायला कायद्यानं बंदी आहे. जंगलखात्याची गाडी रस्त्यावर दिसली की याडी पिंजऱ्यावर लुगडं टाकायची आणि दारात सुपानं धान्य पाखडत बसायची. तिला सगळे कायदे माहीत होते आणि त्यातला एकही मानायचा नाही असं तिनं ठरवलं होतं.

त्या पौषात मी पेरू घेतला. आता नुसतं याडीच्या पोपटाचं उष्टं पुरलं असतं. पण नाही, मला जोर पाहिजे होता. नवरात्रात जोगवा पाच घरचा मागतात, नवसाचं धान्य पाच घरचं आणतात, तेव्हा उष्टंही पाच घरचं असलं म्हणजे चांगलं, असं माझ्या डोक्यानं घेतलं. एकच पेरू पाचही पोपटांकडं न्यायचा, आणि याडीचा पोपट शेवटी, कारण बोलण्यात तोच पक्का. त्याची चोच सगळ्यांच्या वर पडली पाहिजे. केवढं शास्त्रशुद्ध नियोजन ते! शाळेच्या प्रदर्शनात मांडलं असतं तर बक्षीस मिळालं असतं.

पहिलं घर कोपऱ्यावरच्या सायकल दुरुस्तीवाल्याचं. त्याच्याकडं बजरींची, म्हणजे त्या चिमुकल्या रंगीत विलायती पोपटांची, जोडी होती, निळी आणि पिवळी, फिरत्या विक्रेत्याकडून घेतलेली. मी पेरू पुढं केला तर तो म्हणाला, "मॅडम, याले राहू द्या. याचे पीस झडून राह्यले, बरं नाही वाटत मले."

मी म्हटलं, "भाऊ, पक्ष्यांची पिसं ऋतूप्रमाणं गळतात. सातवीत नव्हतं का तुम्हाला?"

त्यानं मान खाली घातली. मॅडमपुढं कोण बोलणार? मी स्वतः पिंजऱ्याची खिटी काढली आणि पेरू आत धरला. निळीनं दोन चोची मारल्या. मग तीन घरं आणखी झाली. शेवटी याडीचं अंगण. तिचा पोपट पेरू पाहूनच नाचायला लागला. त्यानं दुसऱ्यांनी टोचलेल्या जागीच चोच घातली, गर खाल्ला, बिया फोडल्या. याडी कौतुकानं म्हणाली, "खाय बेटा, पोट्टीले बोलती कर." घरी येऊन मी उरलेला पेरू, सून आंघोळीला गेली असताना, नातीला भरवला.

तीन आठवड्यांनी नात बोलली. सून तिला बोरं धुऊन देत होती, तर ती म्हणाली, "अजून." एवढं स्पष्ट की सुनेच्या हातातलं पातेलं खाली पडलं. पुढच्या आठवड्यात पाणी, दे, नको, जा. सून महिनोन्महिने रोज तिच्याशी बोलत होती, हे त्याचं फळ होतं. पण गल्लीत मी तोंड आवरलं नाही. पेरूची गोष्ट मीच सांगितली, फक्त सुनेपासून जपून. याडीला तर अस्मान ठेंगणं झालं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगायची, "माह्या पोपटानं बोलती केली मास्तरीनच्या नातीले."

होळीच्या सुमाराला याडीनं मला हाक मारली. आवाजच वेगळा होता. पिंजऱ्याखाली शेपटीची लांब पिसं पडली होती, सगळी एकदम. पंखांवर नवी पिसं येत होती ती वाकडी, मध्येच आवळलेली, आणि काहींच्या कांडीत रक्त दिसत होतं. तो स्वतःच ती उपटत होता.

"याले काय झालं पाय ना तू. तू शिकेल हाय," ती म्हणाली.

मी म्हटलं, डॉक्टरकडं नेऊ. तिनं माझा हात धरला. "डाक्टरकडं नेला का ते जंगलवाल्याईले सांगतेत. ते घेऊन जातेत मंग. मेला तरी माह्या हातात मरू दे, पन नेऊ नको."

मी म्हटलं, "याडी, मी पाहते. पोपट इथून हलणार नाही आणि हे कुठून आलं ते मी शोधून काढते." शोधून काढते, हे मीच म्हटलं. कोणी सांगितलं नव्हतं.

शोधायला मी लांब गेले नाही. सायकलवाल्याची निळी बजरी तोवर मेली होती आणि पिवळी जवळजवळ उघडी पडली होती. मी तडक त्याच्या दुकानापुढं गेले. गिऱ्हाईक होतं, तरी थांबले नाही. "भाऊ, आजारी पाखरं रस्त्यावर टांगून ठेवता. त्यांची धूळ वाऱ्यानं अख्ख्या गल्लीत जाते. त्या म्हातारीचं एकच पाखरू आहे. काही वाटतं का?"

तो ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर पाहत होता. त्यानं वर पाहिलं, माझ्या तोंडाकडं नाही, माझ्या उजव्या हाताकडं. मग म्हणाला, "आत ठेवतो मॅडम." एवढंच. खोटं कायले बोलू, तो हात मी पदराखाली घेतला. पण मी रागात होते, आणि राग असला की मला दुसरं काही ऐकू येत नाही. याडीला येऊन सांगितलं की त्याच्याकडूनच आलं. त्या दिवसापासून याडी त्याच्या दुकानाकडं तोंड करून रोज सकाळी शिव्या घालायला लागली, अर्ध्या मराठीत आणि अर्ध्या तिच्या बोलीत. त्यानं कधी उलट उत्तर दिलं नाही.

पाखरांचं जाणणारा एक डॉक्टर यवतमाळला आहे असं कळलं. मी एसटीनं गेले. पाकिटात चार पिसं, एका डबीत विष्ठा, मोबाइलमध्ये चोचीचा जवळून काढलेला फोटो. सांगायचं ठरवलं होतं की बजरी आहे, ती पाळायला बंदी नाही. डॉक्टर तरुण होता. त्यानं पिसं कागदावर मांडली, भिंग लावलं आणि एकेक उलटून पाहिलं. मग म्हणाला, "मॅडम, हे पीस बजरीचं नाही."

बत्तीस वर्षं मी पोरांची खोटी कारणं पकडली होती, आता माझी पाळी होती. मी म्हटलं, "बजरीच आहे."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "ठीक आहे. मी पीस पाहिलं, पक्षी पाहिला नाही. कोण्या म्हाताऱ्या माणसाचा आहे का?"

मी मान हलवली. त्यानं समजावून सांगितलं की हा चोचीचा आणि पिसांचा विषाणूचा रोग वाटतो, नमुना मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवावा लागेल, आठ-दहा दिवस लागतील. विषाणू पिसांच्या धुळीत आणि विष्ठेत असतो, महिनोन्महिने टिकतो, पिल्लांना झाला तर थोड्या दिवसांतच मरतात. मोठे पक्षी झुरत जातात. औषध नाही.

माझा पहिला प्रश्न काय होता ते सांगते. मी विचारलं, "माणसाला होतो का? लहान मुलाला?" तो म्हणाला, "नाही. हा रोग माणसात येत नाही. काळजी करू नका." मी खुर्चीत मागं टेकले. केवढं हायसं वाटलं मला.

मग त्याचा प्रश्न आला. "हा पक्षी एकटा असतो म्हणता. मग त्याला आला कुठून? दुसऱ्या पक्ष्याजवळ नेला होता? दुसऱ्याचा पिंजरा वापरला? दुसऱ्या पक्ष्याचं उष्टं काही खाल्लं होतं?"

मी म्हटलं, "आठवत नाही." आठवत सगळं होतं. निळ्या बजरीच्या दोन चोची, त्यातून आलेला पेरूचा लालसर गर, आणि त्याच जागी याडीच्या पोपटानं घातलेली चोच. आणि तो सायकलवाला, ज्या उजव्या हातानं मी पेरू धरला होता, त्याच हाताकडं पाहत होता. त्यानं मला सांगितलं होतं. मी त्याला सातवीचं विज्ञान शिकवलं होतं. परतीच्या एसटीत शेजारच्या बाईनं दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का म्हणून. मी खिडकीकडं तोंड करून बसले.

अहवाल नवव्या दिवशी मोबाइलवर आला. विषाणू आहे. मी याडीला निम्मंच सांगितलं. पिसांचा रोग आहे, वेळ लागेल, पिंजरा आत ठेवा, बाहेरची पाखरं जवळ येऊ देऊ नका. कुठून आला, हे तिनं विचारलं नाही. तिला ते मी आधीच सांगितलं होतं ना, खोटं का असेना.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. रोज सकाळी जायची. पिंजऱ्याखालचा कागद बदलायची, डॉक्टरनं सांगितलेल्या औषधी पाण्यानं सगळं पुसायची, भिजवलेली डाळ नि शिजवलेला भात भरवायची, कारण चोच वाढून चिरली होती आणि कठीण काही फुटत नव्हतं. याडी म्हणायची, "सख्ख्या लेकीनंही केलं नसतं इतकं." मी कागद गोळा करत राहायची. खरं काय ते तोंडावर यायचं, आणि मी म्हणायची, "डाळ जरा आणखी भिजवत जा." पोपट आता क्वचितच बोलत होता. याडी त्याला एक वाक्य म्हणायची आणि वाट पाहायची. पुन्हा म्हणायची, पुन्हा वाट पाहायची. तो तिच्याकडं मान वाकडी करून बघत बसायचा. उघड्या अंगाचा, थंडी वाजत असल्यासारखा, भर चैत्रात.

रोज ठरवायची, आज सांगते. आणि रोज याडी सायकलवाल्याला शिव्या घालून झाली की मला चहा द्यायची, नि मी तो प्यायची. त्याची मान खाली, माझी कपबशीत. असे अकरा दिवस गेले. मी मोजले आहेत.

बाराव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मी याडीच्या ओट्यावर पिंजरा पुसत होते. मागच्या गल्लीतली एक पोरसवदा बाई आली, कडेवर लेकरू, हातात सफरचंद. पेरूचा मोसम सरला होता. सफरचंदावर चोचींचे खड्डे होते.

"याडी, माह्या लेकरालेबी बोलता येत नाही. तुमच्या पोपटाचं उष्टं पाहिजे," ती म्हणाली. "तीन घरं झाले. हे चौथं. पाचवं माह्या बहिनीचं. तिच्याकडं कॉकटेल पोपटानं पिल्लं काढले, त्याईले लावतो अन् मंग लेकराले देतो. मॅडमनं केलतं तसंच करून राह्यलो."

याडीनं माझ्याकडं पाहिलं. तिला कळत होतं की पाखरू आजारी आहे, पण लेकराच्या आईला नाही म्हणायचं तिच्या जिवावर आलं. "एवढी चोच लावू दे," ती म्हणाली, "त्याचा गुन मोठा हाय."

सफरचंद पिंजऱ्याकडं आलं. मी ते त्या बाईच्या हातातून हिसकलं. लेकरू रडायला लागलं. बाई दोन पावलं मागं सरली आणि म्हणाली, "काय झालं मॅडम?"

काहीतरी थाप मारता आली असती. जागच्या जागी मला दोन सुचल्याही. पण ती घरी जाऊन दुसरं फळ घेणार, दुसऱ्या बाजूनं फिरणार, आणि बहिणीची पिल्लं मरणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. पोट्ट्यांना मी आयुष्यभर म्हणत आले, चूक झाली तर उभं राहून सांगायचं. मी उभीच होते.

"उष्ट्यानं कोणी बोलत नाही," मी म्हटलं. "माझी नात तिच्या आईमुळं बोलली. उष्ट्यानं रोग पसरला. मी पहिल्यांदा आजारी बजरीला पेरू लावला आणि तोच आणून याडीच्या पोपटाला चारला. हा रोग मी आणला. वाऱ्यानं नाही आला, मी आणला."

कोपऱ्यावर हातोडीचा आवाज थांबला. सायकलवाला दुकानाच्या पायरीवर येऊन उभा होता. याडी पाटावर बसलेली होती, ती उठली नाही. तिनं हळू विचारलं, "तू पयले कोनाच्या घरी गेलती?"

मी दुकानाकडं बोट केलं.

"अन् त्यानं तुले सांगतलं नाही?"

"सांगितलं होतं. राहू द्या म्हणाला होता."

"तुले कधीपासून मालूम हाय?"

"यवतमाळला गेले तेव्हापासून."

ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली. बहुतेक चहाचे कप मोजले असतील तिनं. मग उठली, चप्पल न घालता तापल्या रस्त्यावरून सायकलवाल्याकडं गेली आणि त्याच्यापुढं हात जोडले. "भाऊ, मी तुले लय बोललो. माफ कर." तो कसनुसा झाला, तिचे हात धरून म्हणाला, "काहून याडी, असं नोका करू." ती परत आली, पिंजरा उचलला, आत गेली आणि दार लावून घेतलं. मी तिच्या ओट्यावर सफरचंद हातात धरून उभी होते.

संध्याकाळी सुनेला सगळं कळलंच. ती ओरडणारी नाही. पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "आई, तुम्ही माझ्या पोरीच्या तोंडात ते घातलं? मला न विचारता?" आणि थोड्या वेळानं, "वर्गात काय शिकवत होता मग?" मी ताटावरून उठले नाही, पण जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी गेले तर याडीनं आतून कडी काढली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पोपटाचं करायला आता सायकलवाला येत होता. मी डॉक्टरच्या सूचना कागदावर लिहून त्याच्याजवळ दिल्या. त्यानं कागद घेतला, "वाचतो मॅडम" म्हणाला. त्या माणसानं मला एकदाही टोमणा मारला नाही, याचाच मला राग येत होता.

पोपट वैशाखात गेला. मला कोणी सांगायला आलं नाही. सकाळी खिडकीतून दिसलं, याडीच्या अंगणात सायकलवाला टिकासानं खड्डा खणत होता आणि याडी जमिनीवर बसून होती, मांडीवर फडक्यात काहीतरी. ती त्या फडक्याशी बोलत होती. तिच्या बोलीत, न थांबता, बराच वेळ. मग तेही बंद झालं आणि त्या घरातून आवाज येणंच थांबलं. मुलाचा फोन आला तर हो, नाही, बरी हाय, एवढं म्हणून ठेवायची. भाजीवालीला बोटानं दाखवून भाजी घ्यायची. हा गेला का मी मुकी झालो, असं ती म्हणाली होती, तेव्हा मी ते बोलण्याच्या ओघातलं समजले होते. रडू यायचं मला ते बघून. रडायची पण, मोरीत, नळ सोडून.

पाऊस सुरू होऊन पंधरा-वीस दिवस झाले असतील. दुपारी आमचं फाटक वाजलं. याडी होती. मी धावत बाहेर आले, तर ती माझ्या खांद्यावरून पलीकडं बघत म्हणाली, "सूनबाईले बोलाव."

सून आली. याडी तिला म्हणाली, "तुह्या पोट्टीले रोज दोन घंटे माह्याकडं पाठवत जाय. मी तिले माही बोली शिकवतो. लहान हाय, येईन तिले. पोपट नाही पाळत मी आता."

सुनेनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "पाठवते याडी. उद्यापासून."

मी म्हटलं, "मी सोडत जाईन तिला."

याडी म्हणाली, "फाटकापर्यंत. आत नको येऊ तू."

तेव्हापासून रोज दुपारी मी नातीला रस्ता ओलांडून देते आणि फाटकाशी तिचा हात सोडते. ती पळत आत जाते. दोन तासांनी आणायला जाते तेव्हा आतून दोघींचा आवाज येत असतो, एकमेकींना अडवून बोलण्याचा, हसण्याचा. याडी आता पुन्हा मोठ्यानं बोलते. नातीची जीभ आता तोंडात राहत नाही, आणि त्यातलं निम्मं मला समजत नाही.

परवा घरी येताना ती एकच वाक्य घोळत होती, उड्या मारत, पुन्हा पुन्हा. छान चाल होती त्याला. मी विचारलं, "काय म्हणतेस गं? मला सांग ना, याडीनं काय शिकवलं आज?"

ती थांबली. माझ्याकडं वर पाहून म्हणाली, "आजी, तुले नाही सांगायचं. याडीनं सांगतलं."